दुसऱ्या टोकाला कोण आहे?

अपघात झाला की पेपरात चार ओळी येतात. भरधाव ट्रकने दुचाकीला उडवलं. चालक मोबाइलवर बोलत होता असं बघणाऱ्यांनी सांगितलं. चालक फरार. गुन्हा दाखल. झालं. वाचणारा चहाचा घोट घेतो, 'हे ड्रायव्हर लोक म्हणजे साले बेवडे आणि बेफिकीर' म्हणतो आणि क्रिकेटच्या पानावर जातो.

मला या चार ओळी छळतात. ड्रायव्हर फोनवर बोलत होता, ठीक आहे. पण फोनवर माणूस एकटा बोलत नसतो. रात्री अडीच वाजता, घाटात, चालू गाडीतल्या माणसाला फोन लावणारा कोण होता? त्याचं नाव पेपरात येत नाही. गुन्ह्याच्या कागदात येत नाही. कोर्टात त्याला कुणी पुकारत नाही. तो आपल्या पलंगावर कूस बदलून झोपलेला असतो.

मित्रांनो, मला या दुसऱ्या टोकाबद्दल बोलायचं आहे.

मी ट्रकवाल्यांच्या वस्तीत वाढलो. आमच्या गल्लीत घरटी एक माणूस तरी स्टेअरिंगवर नाहीतर किन्नर म्हणून. न्हावा शेवा बंदरातून कंटेनर उचलायचा आणि भिवंडीच्या गोडाऊनला खाली करायचा, कळंबोलीचं लोखंड नाशिकला न्यायचं, वाशीच्या मार्केटला कांदा आणायचा. ज्याच्या बापाच्या सातबाऱ्यावर काही नाही आणि ज्याची शाळा नववीत सुटली, त्याला लायसन ही एकच इस्टेट. म्हणून मी या लोकांबद्दल लांबून बोलत नाही. आणि त्यांची आरती ओवाळायलाही बसलेलो नाही.

आधी सरळ हिशेब मांडू. ताशी साठच्या वेगाने गाडी चालली असेल तर ती एका सेकंदात साडेसोळा मीटर जाते. फोनवर आलेला मेसेज वाचायला पाच सेकंद लागले, तर त्र्याऐंशी मीटर गाडी आंधळी चालली. पोटात माल भरलेली दहाचाकी गाडी. तिला कायद्याने पूर्वी २५ टनांपर्यंत वजन चालायचं, २०१८ पासून सरकारने ते २८.५ टन केलं. एवढं वजन त्र्याऐंशी मीटर कुणाच्याही नजरेशिवाय धावतं. त्या टापूत शाळेतून येणारी पोरगी असेल, सायकलवरचा गवंडी असेल, नवऱ्याच्या मागे लेकरू घेऊन बसलेली बाई असेल.

अमेरिकेत व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाच्या संस्थेने ट्रकांत कॅमेरे बसवून ड्रायव्हरांचं चालवणं पाहिलं आणि २००९ मध्ये निष्कर्ष दिले. मेसेज टाइप करणाऱ्या ट्रक ड्रायव्हरच्या बाबतीत अपघात किंवा थोडक्यात टळलेला अपघात होण्याचा धोका तेवीस पट वाढतो. सहा सेकंदांच्या तुकड्यातले साडेचार सेकंद त्याचे डोळे रस्त्यावर नसतात. नुसता नंबर लावला तरी धोका जवळजवळ सहा पट. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की फोन वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका साधारण चौपट, आणि कानात वायर घालून बोललं तरी फारसा फरक पडत नाही. म्हणजे हात मोकळे झाले तरी डोकं मालकाकडेच असतं.

आणि मरतं कोण? २०२२ साली या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यात ७४,८९७ दुचाकीवरची. ३२,८२५ पायी चालणारी. शंभरातली चौसष्ट माणसं ही. मोटारीच्या काचेआडची नव्हेत. ज्यांच्या अंगाभोवती पत्रासुद्धा नाही अशी. ही आपलीच माणसं. म्हणून जो कुणी ड्रायव्हर स्टेअरिंगवर रील्स बघतो, चालत्या गाडीत स्वतःचा व्हिडिओ काढतो, त्याला मी 'बिचारा गरीब' म्हणून माफ करणार नाही. गरिबाने गरिबाला चिरडलं तर ती क्रांती होत नाही. रील बघणं हे मालकाने सांगितलेलं नसतं. तिथे दोष त्याचा, आणि त्याला शिक्षा झाली पाहिजे.

पण सगळे फोन रीलचे नसतात. ट्रक ड्रायव्हरचा फोन दिवसभर काय करतो ते जरा बघा.

सकाळी गोडाऊनचं लोकेशन व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. बिल्टीचा फोटो काढून पाठवायचा. ई-वे बिल फोनवर. फास्टॅगमध्ये पैसे संपले की शेठला फोन. डिझेल टाकायचं तर शेठच्या नंबरवर आलेला आकडा विचारायला फोन. माल घेणाऱ्या पार्टीचा फोन, दलालाचा फोन, परतीच्या भाड्याचा फोन. आणि या सगळ्यांवर कडी करणारा, तासातासाला येणारा एक प्रश्न: 'कुठं पोचलास?'

एका ट्रान्स्पोर्टच्या हापिसात मी काही महिने हिशेब लिहायला होतो. भिंतीवर पडदा. पडद्यावर नकाशा. नकाशावर प्रत्येक गाडीचा ठिपका पळतोय. बाजूला वेग लिहून येतो, कुठं किती मिनिटं थांबली तेही येतं. सगळं दिसत असतं. तरी तो दिवाणजी फोन उचलायचा आणि ओरडायचा: 'अरे ढाब्यावर वीस मिनिटं काय करत होतास? चल, मार गाडी. पार्टी बोंब मारतेय.' ड्रायव्हर म्हणायचा, 'हो शेठ, निघालो शेठ.' त्या 'हो शेठ'च्या मागे इंजिनाचा आवाज यायचा. म्हणजे गाडी चालू. दिवाणजीला तो आवाज माझ्याइतकाच ऐकू यायचा.

मी एका ड्रायव्हरला विचारलं, 'काका, उचलू नका ना फोन. गाडी बाजूला घेऊन मग करा.' ते हसले. म्हणाले, 'बाळा, दोनदा उचलला नाही की तिसऱ्यांदा शेठ म्हणतो, खेप पोचव आणि चावी ठेव. चावी ठेवली की अडवान्स घेतलेले पैसे कुठून फेडू? आणि बाजूला घेऊ म्हणतोस, घाटात बाजू कुठाय?' या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जुने ड्रायव्हर सांगतात, पूर्वी गाडी नाक्याबाहेर पडली की ती आणि ड्रायव्हर, दोघं मोकळे. ढाब्यावर एसटीडीचं पिवळं बूथ असायचं. तिथं थांबून, गाडीचं इंजिन बंद करून, मालकाला फोन व्हायचा. फोन करायचा तर गाडी थांबवणं भाग होतं. आता मालक कॅबिनमध्येच येऊन बसलाय. डॅशबोर्डवर चुंबकाने चिकटवलेला आहे.

खरं तर त्याच्या बाजूच्या सीटवर एक माणूस असायला हवा होता.

राष्ट्रीय परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर पाहिजेत असा केंद्राचा नियम होता. एकाने चालवायची, एकाने झोपायचं. हा नियम पाळला जात होता असं मी म्हणत नाही. पण कागदावर तरी होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारने तोही काढला. एक ड्रायव्हर पुरे असं ठरवलं. त्याच दुरुस्तीत नव्या गाड्यांना मागावर राहणारं यंत्र मात्र सक्तीचं केलं. माणूस कमी, पाळत जास्त. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या वाहतूकदारांनी बंद पुकारला, तेव्हाच्या मागण्यांत जड गाड्यांवरची क्लीनरची सक्ती काढा ही एक मागणी होती. म्हणजे दुसरा ड्रायव्हर गेला, आता किन्नरही नको.

किन्नर काय करायचा? रस्ता विचारायचा. कागद सांभाळायचा. गाडी मागे घेताना हाळी द्यायचा. उस्तादला पेंग आली की गाणं म्हणायचा, तंबाखू मळून द्यायचा, शिव्या खायचा आणि त्याला जागा ठेवायचा. या सगळ्या कामांतलं एकही काम कमी झालेलं नाही. मग ती करतो कोण? फोन करतो. रस्ता फोन दाखवतो, कागद फोनमध्ये, गाणी फोनवर. रात्री झोप आवरायला बायकोशी, दोस्ताशी बोलणं फोनवर. फोनवर बोललं की झोप उडते असं ड्रायव्हर सांगतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. एका माणसाचा पगार वाचवला आणि त्याचं काम स्टेअरिंगवरच्या माणसाच्या डोळ्यांतून आणि हातांतून काढून घेतलं. वर त्याच माणसाला म्हणायचं, लक्ष विचलित करू नकोस!

आता तासांचं बघू. कारखान्यातल्या कामगाराचा आठवडा १९४६ मध्ये कायद्याने ४८ तासांवर आला. मजूर खातं तेव्हा बाबासाहेबांकडे होतं, ते विधेयक त्यांनी मांडलं. रस्त्यावरच्या कामगाराला तेवढ्यासाठी आणखी पंधरा वर्षं थांबावं लागलं. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं लिहिलं गेलं. पण हा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला. चाळीस गाड्यांचा मालक कागदावर बायको, मेहुणा, भाचा यांच्यात वाटला गेला की कायदा संपला. असे मालक मी पाहिलेत. २०२० मध्ये संसदेने तो कायदा नव्या श्रमसंहितेत विरघळवून टाकला. त्याच साली सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने देशातल्या दहा शहरांत बाराशेहून अधिक ट्रक ड्रायव्हरांना विचारून अहवाल काढला. दिवसाला सरासरी बारा तासांच्या आसपास चालवणं. थकवा किंवा झोप असतानाही गाडी मारतो असं जवळजवळ निम्म्यांनी सांगितलं. कायद्यातले आठ तास कागदातच झोपले आणि ड्रायव्हर जागा राहिला.

सरकारी आकड्यांत हे दिसत नाही. रस्ते वाहतूक मंत्रालय दरसाल अपघातांचा जाडजूड अहवाल छापतं. वाहतुकीचा कोणता नियम मोडला, याच्या तक्त्यात रकाने आहेत: जास्त वेग, दारू वा नशा, उलट्या बाजूने चालवणं, सिग्नल तोडणं, मोबाइल, इतर. २०२१ मध्ये १,५३,९७२ मेले, त्यातले मोबाइलच्या रकान्यात १,०४०. एवढेच? जो ड्रायव्हर मेला तो सांगायला येत नाही, जो पळाला तो का सांगेल? त्यामुळे हा आकडा तळाचा समजा. आणि त्या तक्त्यात झोपेचा रकाना नाही. किती तास जागा होता याचा रकाना नाही. कुणाचा फोन आला होता याचाही रकाना नाही. रकाना नाही म्हणजे गुन्हेगार नाही!

शिक्षेकडे या. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४. २०१९ च्या दुरुस्तीने हातात फोन घेऊन चालवणं हे धोकादायक चालवणं म्हणून त्यात स्पष्ट लिहिलं. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२० पासून एक सवलत: रस्ता शोधण्यापुरता फोन चालेल, लक्ष ढळणार नाही अशा बेताने. शेठचा फोन घेण्याची सवलत कुठंही नाही. म्हणजे शेठ रोज तासातासाला आपल्या नोकराला गुन्हा करायला लावतो.

आता ऐका. याच कायद्यात चार कलमं पुढं कलम १८८ आहे. १८४ खालच्या गुन्ह्याला जो चिथावणी देईल, मदत करील, त्यालाही तीच शिक्षा. हे कलम १९८८ पासून पुस्तकात पडून आहे. ड्रायव्हरला चालत्या गाडीत फोन लावणाऱ्या मालकावर ते वापरल्याचं मी आजवर आमच्या नाक्यावर पाहिलं नाही, ऐकलं नाही.

वकील म्हणतील, चिथावणीला हेतू लागतो, गाडी चालू आहे हे माहीत असायला लागतं. बरोबर आहे तुमचं, वकीलसाहेब. पण भिंतीवरच्या पडद्याचं काय? ठिपका पळतोय, बाजूला वेग लिहिलाय, आणि तो बघत बघत नंबर लावला. याला जाणूनबुजून म्हणत नाहीत तर कशाला म्हणतात? जी पाळत ड्रायव्हरवर ठेवली, तीच मालकाच्या विरुद्धचा पुरावा आहे. फक्त तो मागणारा पाहिजे.

अमेरिका काही मजुरांचा स्वर्ग नाही. पण तिथे जानेवारी २०१२ पासून लागू झालेल्या नियमात ट्रक ड्रायव्हरने हातात फोन घेतला तर त्याला २,७५० डॉलरपर्यंत दंड, आणि जी कंपनी त्याला तसं करू देते किंवा करायला लावते तिला ११,००० डॉलरपर्यंत दंड असं लिहिलं गेलं. मालकाला चौपट. भांडवलदारांच्या त्या काशीत हे सुचू शकतं. इथं सुचत नाही, कारण इथं ड्रायव्हर स्वस्त आहे. एक आत गेला तर दुसरा चावी घ्यायला दारात उभा.

इथं काय सुचलं ते आठवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये लिहिलं की अपघातात माणूस मेला आणि चालक न कळवता पळाला तर दहा वर्षांपर्यंत कैद. ड्रायव्हर का पळतो? जमाव त्याला ठेचून मारील म्हणून पळतो. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ड्रायव्हरांनी देशभर चाकं थांबवली. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, शहरांना घाम फुटला. सरकार बोलणीला बसलं. कुणाबरोबर? वाहतूकदारांच्या संघटनेबरोबर. चाक थांबवलं ड्रायव्हरने, टेबलावर बसला मालक. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. ठीक झालं. पण त्या दोन दिवसांत ड्रायव्हरांना स्वतःची ताकद दिसली होती. ती वापरून तास मागता आले असते, दुसरा ड्रायव्हर मागता आला असता, 'चालत्या गाडीत फोन करणार नाही' असं मालकाकडून लिहून घेता आलं असतं. ते राहिलं. ते आता मागायचं आहे.

म्हणून काय करायचं, ते सांगतो.

एक. ट्रकच्या अपघातात माणूस मेला की ड्रायव्हरच्या फोनचा तपशील पोलीस काढतात. तो दोन्ही टोकांनी वाचला पाहिजे. कॉलचा तपशील फोन कंपन्यांना दोन वर्षं जपून ठेवावा लागतो, डिसेंबर २०२१ पासून. व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल असेल तर तो फोनच्या पोटात सापडतो. मेलेल्याच्या घरच्यांनी लेखी अर्ज द्यावा: अपघाताच्या वेळी ज्याचा फोन चालू होता त्याचा जबाब घ्या, गाडीच्या जीपीएसची नोंद जप्त करा, कलम १८८ लावा. असे अर्ज लिहून देणं हे आपल्यातल्या शिकलेल्या पोरांचं काम. एलएलबीच्या वर्गात बसता ना? मग बसा ठाण्याच्या बाकावरही.

दोन. दुसरा ड्रायव्हर परत आणा. लांब पल्ल्याच्या गाडीवर एकटा माणूस पाठवणं हा गुन्हा ठरला पाहिजे.

तीन. गाडी किती तास पळाली हे यंत्राला ठाऊक आहे. आठ तास भरले की त्या ड्रायव्हरच्या हाताने गाडी पुढे जाणार नाही, हे त्याच यंत्राच्या नोंदीवरून तपासा. पाळत ठेवायचीच तर माणसाच्या झोपेसाठी ठेवा.

चार. हे ड्रायव्हर भावांसाठी. रील, व्हिडिओ, टाइपिंग बंद. यात मालकाचा संबंध नाही, हे आपल्या हातात आहे. आणि शेठचा फोन? एकट्याने नाही उचलला तर एकाची चावी जाते. नाक्यावरच्या सगळ्यांनी मिळून ठरवलं की चालत्या गाडीत कुणाचाच फोन उचलायचा नाही, तर शेठ किती चाव्या काढून घेईल?

पाच. हे तुमच्यासाठी. तुमचा बाप, भाऊ, मामा गाडीवर असेल तर त्याला तुम्ही फोन करू नका. त्याला करू द्या, गाडी थांबल्यावर. आईला, वहिनीला समजावून सांगा. काळजीचा फोनसुद्धा पाच सेकंद खातोच.

आणि तुमच्यातले कितीतरी जण स्वतः बाइकवर पार्सलं पोचवता. हँडलला फोन बांधलेला, त्यावर मिनिटं उलटी पळतायत, गिऱ्हाईक विचारतंय, 'कुठं पोचलात?' ट्रकवाल्याचा शेठ निदान नावाने माहीत असतो. तुमच्या शेठला तर चेहराही नाही. पण प्रश्न तोच आहे आणि रस्ताही तोच आहे. मागून येणारा दहाचाकी आणि पुढे चाललेले तुम्ही, दोघांच्याही डोळ्यांवर एकाच जातीच्या माणसाने हात ठेवलाय: घाई स्वतःची आणि मरण दुसऱ्याचं असा धंदा करणाराने. तो हात धरून ठाण्यापर्यंत न्यायचा आहे. अर्जाचा मसुदा घेऊन या, मी लिहायला बसतो.